अनुस्वार दिसला पाहिजे

भिशीचा नंबर लागला, बासष्ट हजार हातात आले,
आणि भाचा म्हणाला, मावशी, आता हात आखडू नकोस.
पुष्कराज हिंजवडीत असतो. त्याला सगळं बत्तीस लागतं.
मी बत्तीस वर्षं मुद्रितं तपासते,
मला अजून बत्तीस घेऊन काय करायचंय?

तपकीर गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती,
फरासखान्यापाशी लावली आणि चालत आलो
वायरींच्या भेंडोळ्यांखालून.
ओस्तवालांचं दुकान दुसऱ्या मजल्यावर.
काउंटरवरच्या तौफिकनं पाठकोरा कागद घेतला,
मधोमध रेघ मारली.
'मॅडम, हे नंतर वाढवता येतं. हे नाही.'

रॅम म्हणे बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते.
एकदा आठ घेतली की जन्मभर आठ.
लग्नाआधी मला असा कागद
कुणी दाखवला नव्हता.
(हे बोलले नाही. पोरासमोर कसं बोलणार.)

डिस्क नंतर मोठी करता येते. बॅटरी बदलता येते.
कीबोर्डाखाली दिवा हवा?
नको, मला अंधारातही अक्षरं सापडतात.
ग्राफिक्स कार्ड? 'गेम खेळता का?'
खेळते की. ऱ्हस्व-दीर्घाचा.
तौफिक हसला नाही, त्यानं कार्डावर काट मारली.
'मग पडदाही साधाच टाकतो.'

इथे मी पर्सची चेन ओढली.

गेल्या वर्षी एका मुख्याध्यापकांचा गौरवग्रंथ होता.
पृष्ठ एकशे एक्केचाळीस.
खिडकीतून ऊन येत होतं, जुना पडदा ताकासारखा पांढुरका,
आणि 'त्यांचे विद्यार्थी'च्या जागी
'त्याचे' गेलं.
एवढंसं टिंब, आणि पंचाहत्तरीचा माणूस
स्वतःच्याच सत्कारात एकेरीवर आला.
सूनबाईंचा फोन आला. आवाज चढला नव्हता,
म्हणून जास्त लागला.
अकराशे प्रतींवर शुद्धिपत्राची चिठ्ठी
मीच चिकटवली, डिंकाची बाटली घेऊन,
निमकरांच्या गोदामात, बाकावर बसून.

तेव्हा पर्समधून पेनड्राइव्ह काढला.
एकच पान, नऊ पॉइंटात:
वश वंश, रग रंग, त्याचे त्यांचे.
तौफिकनं दुकानातले पाच पडदे उघडले.
मी प्रत्येकापुढे उभी राहिले, चष्मा लावून, चष्मा काढून,
ट्यूबलाइटखाली, मग गॅलरीतल्या उजेडात.
मागे एकजण प्रिंटरची शाई घ्यायला आला होता,
तोही वाचायला लागला.
चौथ्यावर टिंबं उभी राहिली,
तिळासारखी, एकेक वेगळी.

पडद्याचे सहा हजार जास्त.
रॅम सोळा, कारण नंतर नाही.
डिस्क कापली, दिवा कापला,
तीन वर्षांची वॉरंटी कापली.
पुष्कराज म्हणाला, वॉरंटी तरी ठेव.
मी म्हटलं, मला कोण देतं?
बॅग फुकट मिळाली. चेन अडकते तिची.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिली फाइल उघडली,
कुणाच्या तरी बालपणीच्या आठवणी, वाड्यातला कुत्रा.
'त्यांचे शेपूट सतत हलत असे.'
मी टिंब खोडलं. गेलं नाही.
पुन्हा खोडलं. पान वर सरकवलं,
तर टिंब जागचं हललं नाही, खालच्या ओळीतल्या
'रग'वर जाऊन बसलं.

काचेच्या आत एक काळा कण.
नखानं खरवडून पाहिला, पदरानं पुसला.
वॉरंटीच्या कागदात बारीक अक्षरांत आहे
(तीही नऊ पॉइंटात, स्वच्छ दिसतात):
पाच ठिपक्यांपर्यंत दोष धरला जात नाही.

आमच्या धंद्यात एक पुरतो.
उद्या तौफिकला फोन करीन. करीनच.
आज मात्र दीड वाजेपर्यंत वाचत बसले,
पान थोडं वर, थोडं खाली सरकवत,
आणि ज्या ज्या शब्दावर ते टिंब येईल
त्याला क्षणभर अहो-जाहो करत:
कुत्र्याला, दूधवाल्याच्या पोराला,
शेवटच्या पानावरच्या चोरालासुद्धा.